इन्स्पेक्टरने जावयाला धरलं

फुफूच्या कुटलेल्या मऊ गोळ्याचा पहिला घास तोडून रश्श्यात बुडवला की माझा फोन वाजायचा. दुसऱ्या घासाला वाजायचा नाही, नळ वाहत असताना वाजायचा नाही. नेमका पहिल्याच घासाला. उजवा हात रश्श्याने बरबटलेला, आणि डाव्या हाताने फोन उचलावा तर माझी बायको अफ्राकोमा अशी बघायची की जणू मी तिच्या आईला डाव्या हाताने नमस्कार केला. मग तीच फोन माझ्या डोळ्यांसमोर धरायची आणि मी वाचायचो. कुमासी शाखेतल्या बाई पासवर्ड चुकवताहेत. कोणीतरी फिनलंडमधून आपलं दार ठोठावतंय. आमचे वसुली अधिकारी एकाच वेळी टेमात आणि टाकोराडीत काम करताहेत. यातलं शेवटचं मला आधीपासून माहीत होतं, कारण त्यांचा एक फोन टेमातल्या घरी असतो आणि दुसरा टाकोराडीतल्या. त्या दोन घरांबद्दल सुरक्षा विभागाने बोलू नये असा संकेत आहे.

सुरक्षा विभाग म्हणजे मी, मिस्टर अडुसेई. आमची कंपनी अंत्यविधींचा विमा उतरवते. आमच्या राजधानीत, आक्रात, माणूस जिवंतपणी कसाही वागवला गेला तरी मेल्यावर त्याचं थाटातच व्हावं लागतं, त्यामुळे आमचा धंदा कधी बसत नाही. पूर्वी कंपनीची यंत्रं कंपनीतच होती, मागच्या खोलीत, आणि तिथे इतकी थंडी असायची की शिपाई केंकेचं जेवण तिथेच ठेवायचे. मग ती सगळी क्लाउडवर गेली. क्लाउड म्हणजे नक्की कुठे, हे मी वरिष्ठांना विचारलं तेव्हा त्यांनी वर बघितलं. मीही बघितलं. तेव्हापासून मी त्या वरच्या यंत्रांवर नजर ठेवतो, म्हणजे नजर एक पाळत-यंत्रणा ठेवते आणि दर थोड्या वेळाने मला ओरडून सांगते.

पण ओरडणं एक वेळ परवडलं. खरा त्रास होता रदबदलीचा. एखाद्याने फसव्या बक्षिसाच्या पत्रावर बोट दाबलं की मी त्याचं खातं बंद करणार. तो स्वतः येऊन सरळ चूक कबूल करेल, हे आमच्याकडे कुठे चालतं? तो मध्यस्थ आणणार. जमाखर्चातल्या मिस्टर साकींनी तर माझे लहानपणीचे रविवारच्या शाळेचे गुरुजी शोधून आणले. मला वाटत होतं ते वारले. गुरुजी खुर्चीत बसले, पाणी प्याले, माझ्या वडिलांची आठवण काढली, आणि मी खातं उघडलं. पुढच्या महिन्यात एका बाईंनी अफ्राकोमाची मावशी आणली, सोबत धुरावलेली मासळी. तेही खातं उघडलं. थोडक्यात, कंपनीची सुरक्षा माझ्या ओळखीतल्या म्हाताऱ्यांच्या पायांवर अवलंबून होती, आणि सगळ्यांचे पाय अजून चांगले चालत होते.

माझे शेजारी नी लांटे टेमा बंदरातल्या कस्टममधून निवृत्त झाले आहेत. निवृत्त झाल्यापासून जप्त करायला काही नसल्यामुळे ते भिंतीवर कोपरं टेकून सल्ले देतात. माझी कर्मकहाणी ऐकून ते म्हणाले की माझा पहारेकरी मुळातच चुकीचा आहे. मालकाला विचारून शिट्टी फुंकणारा पहारेकरी काय कामाचा? "बंदरात आम्ही आधी पेटी जप्त करायचो," ते म्हणाले, "आणि मग आत काय आहे ते बघायचो. बऱ्याचदा बघायचोही नाही."

मला त्या वाक्यात एकदम प्रकाश दिसला. यंत्रणेला नुसतं ओरडायला न लावता तिच्याच हाती कुलूप द्यायचं. संशय आला की खातं बंद, यंत्र तोडून बाजूला, सगळ्यांना सावधगिरीची सूचना, सारं तिचं तिने. मी फुफू खात असेन. आणि कोणी गुरुजी घेऊन आलं तर मी हात वर करून म्हणेन, माझ्या हातात काही नाही.

आमच्या प्रमुख मॅडम एस्सिल्फी यांना कल्पना आवडली, म्हणून ती समितीकडे गेली. कायदे विभागाने विचारलं की यंत्र चुकलं तर तुरुंगात कोणाला पाठवायचं. मनुष्यबळ विभागाचे मिस्टर टेट्टे यांची हरकत जास्त खोल होती. नियमानुसार कर्मचाऱ्यावर कारवाई करणारा किमान निरीक्षक दर्जाचा असावा लागतो, आणि यंत्राला दर्जाच नाही. यावर समितीने तीन बैठका खर्च करून यंत्राला नेमणूक दिली. त्याला कर्मचारी क्रमांक मिळाला, कुलपाचं चित्र असलेलं ओळखपत्र मिळालं, वार्षिक रजा मिळाली, आणि नाताळात प्रत्येकाला मिळणारी तांदळाची पिशवीही त्याच्या नावाने आली, ती मी जड अंतःकरणाने घरी नेली. तेव्हापासून सगळे त्याला इन्स्पेक्टर म्हणू लागले.

नियम मी स्वतः लिहिले. बंद झालेलं खातं उघडायला दोघांची संमती हवी, माझी आणि मॅडमची. त्यावर मॅडमनी एक पुस्ती जोडली, आणि ती ऐकून मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. संशयितासाठी त्याच ठिकाणाहून जो कोणी खटपट करेल तो त्याचा साथीदार समजावा आणि त्यालाही कुलूप घालावं. रदबदली करणाऱ्यांचा कायमचा बंदोबस्त. सूचनेचा मजकूरही माझाच. लिहिताना माझं मन जरा कडक झालेलं होतं.

पहिल्याच आठवड्यात इन्स्पेक्टरने आमच्या रोखपालांना धरलं. ते चर्चमध्ये उपदेशही करतात आणि रोज सकाळी एकच प्रार्थना सगळ्या कंपनीला पाठवतात. त्यांच्या वतीने चर्चचे वयस्कर सेवक आले. मी हात वर केले. त्या गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं, मग टोपी काढली आणि माझ्या संगणकापुढे वाकून त्याचीच मनधरणी केली. संगणक बधला नाही. मी त्या दिवशी दोन वेळा फुफू खाल्ला.

आणि मग सासूबाई गेल्या. नव्वदी ओलांडून, झोपेत, सगळ्या हिशेबानिशी. मम्पोंगजवळच्या गावी शनिवारचा दिवस ठरला आणि कुटुंबाची बैठक बसली. कुटुंबप्रमुख नाना ब्रेम्पोंग, सासूबाईंचे धाकटे भाऊ. त्यांच्यापुढे मी बसताना अजूनही चपला काढतो. त्यांनी कामं वाटली. मंडप कोणाकडे, शोकाचं तांबडं-काळं कापड कोणाकडे, बँड कोणाकडे. माझ्याकडे आलं ते परदेशातल्या नातेवाइकांना सगळं थेट दाखवायचं काम, कारण जावई संगणकात आहे.

हे काम सोपं वाटतं, पण त्यात क्वाकू होता. क्वाकू म्हणजे अफ्राकोमाचा धाकटा भाऊ, आईचं शेंडेफळ, हॅम्बुर्गला असतो. त्याच्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण कुठल्यातरी टेबलावर अडकलं होतं. देश सोडला तर परत आत घेतीलच असं नाही. त्याने मला फोन केला आणि बराच वेळ हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "दाजी, मला तिला पोचवायला यायचं होतं. आता तुमच्या डोळ्यांनीच बघणार मी." मी त्याला शब्द दिला की तू तिथे खुर्चीत बस, मी तुला इथे आईच्या शेजारी उभा करतो. मी असे मोठे शब्द सहज देतो, पण हा मी दोनदा दिला.

मॅडमनी कंपनीच्या सभांचं प्रक्षेपण वापरायला दिलं, कंपनीकडून फुलं समजा म्हणाल्या. शनिवारी कंपनीची बसही आली; सहकाऱ्याच्या घरचा अंत्यविधी चुकवणारा माणूस कंपनीत तोंड दाखवू शकत नाही. मॅडम एस्सिल्फी तांबड्या-काळ्या कापडात उतरल्या तेव्हा गावाला वाटलं राणीच आली. मंडपात माणसापेक्षा उंच कर्णे, मोठा पडदा, आणि माइकवर एक निवेदक. या निवेदकाला एक सवय होती: पडद्यावर जे उमटेल ते तो घनगंभीर आवाजात वाचायचा. श्रद्धांजल्या वाचण्यासाठीच त्याला आणलं होतं, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

गावात इंटरनेट नावापुरतं. म्हणून मी आक्राहून एक उपकरण आणलं होतं, आणि बसमधल्या झाडून सगळ्या सहकाऱ्यांनी आपापले फोन त्याला जोडले. मी सासूबाईंचे फोटो चढवले, बालपणापासूनचे, ट्रकभर. हॅम्बुर्ग, टोरँटो, मिलान, सगळीकडे आमंत्रण पाठवलं. पडद्याच्या कोपऱ्यात क्वाकूचा चेहरा दिसला. सूट घालून एकटाच बसला होता. मी त्याला हात केला. त्याने केला.

आता तुम्ही इन्स्पेक्टरच्या जागी बसून बघा. शनिवार आहे. कंपनीची जवळजवळ सगळी माणसं अचानक एका अनोळखी खेड्यात एकाच तारेवर गोळा झाली आहेत. सुरक्षा प्रमुख ढिगाने काहीतरी बाहेर पाठवतोय, तीन देशांत. कोणाही शहाण्या माणसाला वाटेल की कंपनी पळवून नेलेली आहे. इन्स्पेक्टर तर मीच शिकवलेला होता.

पडद्यावर सासूबाई लग्नाच्या पोशाखात उभ्या होत्या. त्या गेल्या आणि तिथे लाल चौकटीत माझा ओळखपत्रावरचा फोटो आला. निवेदकाने घसा साफ केला आणि पूर्ण गांभीर्याने वाचलं: "ही व्यक्ती विश्वासार्ह नाही. तिने पाठवलेलं काहीही उघडू नका. तिचा फोन आल्यास उचलू नका. ती ओळखीची वाटली तरी फसू नका." बँडवाल्यांना वाटलं श्रद्धांजली संपली. त्यांनी ठेका दिला.

सगळा मंडप माझ्याकडे वळला. सासरचा मंडप. अफ्राकोमा माझ्यापासून किंचित सरकून बसली. नंतर ती म्हणाली की ऊन लागत होतं.

मी मॅडमकडे धावलो. त्यांनी शांतपणे फोन काढून मला सोडवण्याची खटपट केली, आणि त्यांच्याच पुस्तीप्रमाणे साथीदार ठरल्या. त्यांचा फोटो पडद्यावर आला. निवेदकाने वाचलं, बँडने ठेका दिला. मग नुकतेच सुटलेले आमचे रोखपाल मदतीला आले. मग साकी. मग टाकोराडीवाले आणि टेमावाले वसुली अधिकारी, एकाच देहात. आमची माणसं मुळात चांगली. सहकारी अडकलेला बघवत नाही. एकेक जण फोन काढायचा आणि एकेकाचा टाय लावलेला फोटो तिकडे झळकायचा. मागच्या रांगेतल्या बायका कौतुकाने म्हणत होत्या की म्हातारीला मोठमोठ्या लोकांनी मान दिला हो. शेवटी प्रक्षेपणच बंद पडलं आणि पडद्यावर फक्त कुलूप उरलं.

आणि क्वाकूचा चेहरा गेला.

ती सूचना आमंत्रण मिळालेल्या प्रत्येकाला गेली होती. टोरँटोहून एका मावशीने गावात फोन करून विचारलं की जावयाने कोणाला काय केलं. मिलानमध्ये प्रार्थना सुरू झाली म्हणे. मी क्वाकूला फोन लावला. त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. इतकी वर्षं जर्मनीत काढलेला माणूस. लाल अक्षरांत आलेली सरकारी भाषा तो शब्दशः पाळतो. अफ्राकोमाच्या फोनवरून लावला. त्याने उलट लिहून पाठवलं की हल्ली चोर बहिणीच्या आवाजाचीही नक्कल करतात, मला माझ्या आईच्या दिवशी त्रास देऊ नका. अफ्राकोमाने ते वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. "मिस्टर अडुसेई," ती म्हणाली. घरात ती मला या नावाने हाक मारते तेव्हा मुलंसुद्धा आपापल्या खोलीत जातात.

पाद्री घड्याळ बघत होते. शवपेटी उचलणारे हातमोजे घालून उभे होते. तेव्हा नाना ब्रेम्पोंग यांनी काठी आडवी धरली. मुलाने बघितल्याशिवाय माझी बहीण घरातून हलणार नाही, म्हणाले. मग मला बोलावलं. मी चपला काढल्या.

त्यांनी विचारलं कुलूप कोणी घातलं. मी म्हटलं, यंत्राने. यंत्र कोणाचं? माझंच. मग त्याच्याकडे रदबदली कोणी करायची, माफीची जिनची बाटली कोणापुढे ठेवायची? मी म्हटलं, नाना, कोणापुढेच नाही, तोच तर त्याचा मोठा गुण आहे.

"म्हणजे ज्याला मामा नाही, आजी नाही, शेजारी नाही, असा एक माणूस तू तयार केलास," नाना म्हणाले. "आणि घराच्या किल्ल्या त्याला दिल्यास."

मग त्यांनी कमरेच्या कापडातून आपला बटणांचा जुना फोन काढला आणि क्वाकूला लावला. तिकडून क्वाकूने त्यांनाही चोर म्हणायला सुरुवात केली असावी, कारण नाना मध्येच म्हणाले, "शाळेच्या घंटेवर चढून पडलास तेव्हा तुझी चड्डी कुठे फाटली होती, ते इथे माइकवर सांगू का?" निवेदक आशेने पुढे सरकला. तिकडून घाईघाईने "नको, मामा, नको" ऐकू आलं. मग नानांनी कापड खांद्यावरून खाली घेतलं, वडीलधाऱ्यासमोर घेतात तसं, आपल्यापेक्षा लहान भाच्यासमोर. म्हणाले, तुझ्या दाजीच्या हातून चूक झाली आहे, मी त्याच्यासाठी शब्द टाकतोय, त्याला मोकळा कर आणि त्याचा फोन घे. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी कोणी रदबदली केल्याची ही पहिलीच वेळ. किती बरं वाटतं ते मला ठाऊक नव्हतं.

नानांच्या फोनला कॅमेरा नव्हता. म्हणून अफ्राकोमाच्या फोनवरून मी व्हिडिओ कॉल लावला, क्वाकूने उचलला, आणि पेटी निघाली. एवढा क्लाउड, एवढी उपकरणं, एवढा इन्स्पेक्टर; शेवटी उरलं काय, तर एक जाडा माणूस दोन्ही हातांनी फोन उंच धरून पेटीच्या मागे चाललाय. उन्हात फोनच्या पडद्यावर काही दिसत नव्हतं, पण मी फोन हलू दिला नाही. बायका गात होत्या, मी रडत होतो, आणि मनात म्हणत होतो, क्वाकू, बघ, शब्द पाळला. कबरस्तानाच्या थोडं अलीकडे बॅटरी संपली.

तेव्हा मॅडम एस्सिल्फी हळूच माझ्या शेजारी आल्या. कंपनीतही त्या वाईट बातमी अशीच देतात, जवळ येऊन. म्हणाल्या की त्या मघापासून माझ्या बाजूने चालत होत्या, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे फोनचा कॅमेरा माझ्याकडे तोंड करून होता.

सोमवारी कंपनीत कोणालाच काही उघडता येईना. क्लाउडवाल्या कंपनीच्या माणसाने दूरदेशातून विनयाने विचारलं की आपणच मिस्टर अडुसेई आहात याला पुरावा काय. मी म्हटलं, शनिवारपासून मलाही तोच प्रश्न पडलाय. शेवटी मिस्टर टेट्टे धावून आले. ते दुसऱ्या अंत्यविधीला डोडोवा गावी गेल्यामुळे आमच्यातले एकटेच निर्दोष होते. त्यांनी नियमपुस्तक चाळलं आणि इन्स्पेक्टरला सक्तीच्या वार्षिक रजेवर पाठवलं. रजेवरच्या कर्मचाऱ्याचे हुकूम चालत नाहीत. सगळी कुलपं गळून पडली. सगळ्या कंपनीने सुटकेचा सुस्कारा सोडला, आणि समितीने ठरवलं की यापुढे इन्स्पेक्टरने कुलूप घालण्याआधी एका माणसाशी बोलायचं. तो माणूस मी. फुफूच्या पहिल्या घासाला.

पण माझ्या जिवाला लागलं होतं ते वेगळंच. क्वाकूचा फोन नव्हता. एका मुलाला त्याच्या आईच्या शेवटच्या वाटेवर मी काय दाखवलं, तर माझं थोबाड, वरून, भर उन्हात. नी लांटे भिंतीवरून म्हणाले की वर्षभर हॅम्बुर्गचे फोन घेऊ नका.

त्याचा फोन आला तो आठवड्याच्या शेवटी. मी मध्यस्थ शोधायच्या आतच तो बोलायला लागला.

"पेटी नाही दिसली, दाजी," तो म्हणाला. "तुम्ही दिसत होता. आणि तुमच्या मागे सगळे. आमच्या शाळेचे हेडमास्तर आले होते, दोघांनी धरलं होतं त्यांना. बाजारातल्या कांदेवाल्या एकमेकींचे हात धरून. आईमागे कोण कोण आलं, हे मला तिथे उभं राहून सुद्धा कळलं नसतं, मी पेटीकडेच बघत बसलो असतो." मग तो म्हणाला, "बिरागो मावशी होती. नळावरून भांडण झाल्यापासून ती आणि आई एका वाटेने जात नव्हत्या. सगळ्यांत शेवटी, चपला हातात घेऊन, लंगडत पळत येत होती. तेवढ्यात फोन बंद झाला. ती पोचली का हो?"

मला माहीत नव्हतं. माझी पाठ होती तिकडे.

मी त्याला थांबायला सांगितलं आणि शनिवारी पुन्हा मम्पोंगची गाडी धरली. बिरागो मावशी अंगणात भुईमूग सोलत बसल्या होत्या. मी चपला काढल्या, पाणी प्यालो, विचारलं. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले.

"पोचले म्हणावं," त्या म्हणाल्या. "माती टाकली. दोन मुठी." मग डोळे पुसत दुसरी शेंग उचलली. "आणि हेही सांग त्याला, त्या दिवशी नळावर पहिला नंबर माझाच होता."